चेंडू, पंचकोन आणि कारागिराची मजुरी
(नभोवाणीवरील भाषण)

फुटबॉलचा विश्वचषक दर चार वर्षांनीं येतो, आणि त्या दिवसांत निम्म्या जगाचें चित्त एका चेंडूवर खिळून राहतें. असा महोत्सव एखाद्या देशांत भरावयाचा ठरला, कीं त्यापासून देशास किती लाभ होईल याचे आंकडे वर्तमानपत्रांत झळकूं लागतात. इतके प्रवासी येतील, इतकीं उपाहारगृहें चालतील, इतक्या हातांना काम मिळेल! अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीं असे हिशेब मागाहून तपासले, तेव्हां आश्वासनाच्या मानानें पदरांत पडलेलें फळ बहुधा लहानच निघालें. कॅनडांतील माँट्रियल शहरानें १९७६ सालीं ऑलिंपिक सामने भरविले. त्यांचें कर्ज फिटावयास २००६ साल उजाडावें लागलें.

परंतु आज मला या मोठ्या हिशेबाविषयीं बोलावयाचें नाहीं. सामन्याच्या मैदानापासून हजारों मैल दूर, जेथें तो चेंडू तयार होतो, तेथील कारखान्यांत या महोत्सवाचे पडसाद कसे उमटतात, आणि लहान कारखान्यांत एखादें नवें तंत्र कां अडून राहतें, एवढेंच आपण पाहूं.

तें ठिकाण म्हणजे पाकिस्तानांतील सियालकोट. फाळणीपूर्वींच्या पंजाबांतील हें शहर खेळांच्या साहित्याबद्दल प्रसिद्ध होतें. १९४७ सालीं तेथील अनेक व्यापारी व कारागीर निर्वासित होऊन इकडे आले, आणि जालंधर व मेरठ येथें त्यांनीं तोच धंदा पुन्हां उभा केला. आपलीं मुलें ज्या बॅटीनें क्रिकेट खेळतात, तिचें कूळ शोधीत गेल्यास तें पुष्कळदां सियालकोटलाच जाऊन पोहोंचतें. तिकडे राहिलेल्यांनीं फुटबॉलचा धंदा वाढविला, आणि हातशिलाईच्या चेंडूंत सियालकोटनें जगांत अग्रस्थान मिळविलें.

१९७० सालीं मेक्सिकोच्या विश्वचषकांत ‘टेलस्टार’ नांवाचा चेंडू आला. त्याचे बारा पंचकोनी तुकडे काळे आणि वीस षट्‌कोनी तुकडे पांढरे होते. कृष्णधवल दूरचित्रवाणीवर चेंडू स्पष्ट दिसावा, हा त्यांतला हेतु. फुटबॉल म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें येतो तो हाच बत्तीस तुकड्यांचा चेंडू. पुढें २००६ सालीं जर्मनींतील विश्वचषकांत शिलाई मागें पडली. चौदा तुकडे उष्णतेनें जोडलेला चेंडू मैदानांत आला, आणि तो थायलंडमध्यें तयार झालेला होता. २०१० चा चेंडू चीनमध्यें तयार झाला. सुईदोऱ्यावर पोट भरणाऱ्या शहरास हा केवढा इशारा! तेव्हां सियालकोटच्या एका मोठ्या कारखान्यानें उष्णतेनें जोडण्याचें तंत्र आत्मसात केलें, आणि २०१४ व २०१८ या दोन्ही विश्वचषकांसाठीं चेंडू पुरविण्याचा मान मिळविला.

हें झालें मोठ्या कारखान्याचें. पण त्याच शहरांत लहानमोठे शंभरांवर कारखाने जुन्या पद्धतीचा बत्तीस तुकड्यांचा चेंडू करीत होते. त्यांच्यापुढें प्रश्न निराळा होता, आणि तो भूमितीचा होता.

मीं पुष्कळ वर्षें शाळेंत भूमिति शिकविली, म्हणून एवढी गोष्ट फळ्यावर मांडल्याप्रमाणें सांगतों. षट्‌कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा. तीन षट्‌कोन एका बिंदूशीं आणले, कीं ३६० अंश भरतात व मध्यें फट राहत नाहीं. मधमाशीचें पोळें याच न्यायानें बांधलेलें असतें. पंचकोनाचा कोन मात्र १०८ अंशांचा. तीन मिळून ३२४ च होतात, आणि ३६ अंशांची फट उरते. गृहिणींना हें वेगळें समजवावयास नको. लाटलेल्या पोळीच्या कातण्यानें शंकरपाळ्या पाडल्या, तर मधलें पीठ वाया जात नाहीं. पण वाटीनें गोल पुऱ्या पाडल्या, कीं मध्यें तुकडे उरतात. पिठाचे तुकडे पुन्हां मळतां येतात. चेंडूच्या रेक्झिनचे तुकडे मळतां येत नाहींत, आणि रेक्झिन हाच तर त्या धंद्यांतील मुख्य कच्चा माल.

या फटीवर पांच अर्थशास्त्रज्ञांनीं लक्ष केंद्रित केलें. लाहोर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील आझम चौधरी व शामिला चौधरी, आणि अमेरिकेंतील विद्यापीठांतले डेव्हिड अ‍ॅटकिन, अमित खंडेलवाल व एरिक व्हरहूगेन हे ते पांच जण. रेक्झिनवर धारदार कडांचा लोखंडी साचा ठेवून वरून यंत्राचा दाब दिला, कीं तुकडे कापले जातात. या साच्यास त्या धंद्यांत ‘डाय’ म्हणतात. पंचकोन दाटीनें कसे मांडावे, याची एक रचना कुपरबर्ग आडनांवाच्या दोन गणितज्ञांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केली होती. एक पंचकोन सुलटा, शेजारचा उलटा, आणि लगतच्या बाजू किंचित् सरकविलेल्या, अशी ती मांडणी. तींत शेंकडा ९२ भाग जागा भरून निघते. तिच्या आधारें या संशोधकांनीं नवा डाय करविला, आणि २०१२ सालीं चिठ्ठ्या टाकून निवडावें तसे ३५ कारखाने निवडून त्यांना तो फुकट दिला.

एकूण खर्चांत बचत शेंकडा एकाच्या आसपास होती. ऐकावयास ही क्षुल्लक वाटते. पण जेथें नफा थोडा आणि चेंडू हजारोंनीं, तेथें ती लहान नव्हे. असें असूनही पंधरा महिन्यांनंतर पाहतां, नवा डाय खरोखर वापरणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले!

येथें आपल्यापैकीं पुष्कळांच्या तोंडीं उत्तर तयार असेल: अडाणी माणसें, जुन्याला चिकटून बसणारीं! परंतु संशोधकांनीं तें उत्तर स्वीकारलें नाहीं. त्यांनीं मजुरीची पद्धत पाहिली. कापणाऱ्या कारागिराला मजुरी नगावर मिळत असे. जितके तुकडे, तितके पैसे. नव्या डायची मांडणी अपरिचित, म्हणून निदान आरंभीं हात सावकाश चालणार. हात सावकाश चालला, कीं सायंकाळची मजुरी कमी. वाचलेलें रेक्झिन मालकाचें, बुडालेली मजुरी मात्र कारागिराची! मग मालकानें विचारल्यावर ‘हा साचा कांहीं उपयोगाचा नाहीं’ असें त्यानें सांगितलें, तर त्यांत अडाणीपणा कोठें आला? त्याचा हिशेब बिनचूक होता. फक्त तो मालकाच्या वहींत लिहिलेला नव्हता.

हें अनुमान खरें कीं खोटें, हें ठरविण्यासाठीं दुसरा प्रयोग झाला. डाय मिळालेल्या कारखान्यांपैकीं कांहींत, एका कापणाऱ्यास व एका छपाईवाल्यास असें सांगण्यांत आलें, कीं मालकासमक्ष नवें काम नीट करून दाखवा, म्हणजे सुमारें एका महिन्याच्या कमाईइतकी रक्कम बक्षीस मिळेल. मालकाच्या दृष्टीनें ही रक्कम मोठी नव्हती. पण तिचा परिणाम स्पष्ट दिसला. असे बक्षीस देऊं केलेल्या कारखान्यांत नवा डाय स्वीकारण्याचें प्रमाण लक्षांत येण्याजोगें वाढलें. हा सर्व वृत्तांत २०१७ सालीं ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या मान्यवर नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

मला हा वृत्तांत वाचून माझ्याच शाळेंतील एक प्रसंग आठवला. एके वर्षीं हजेरीच्या नव्या नोंदवह्या आल्या. त्यांमुळें वेळ वाचतो, असें आम्हांस सांगण्यांत आलें. वाचणारा वेळ कचेरीचा होता, जाणारा आम्हां शिक्षकांचा. आम्हीं त्या वह्या अशा कांहीं भरल्या, कीं दुसऱ्या वर्षीं जुन्याच परत आल्या! त्या वेळीं आमच्यावर सुधारणेचे शत्रू असा शिक्का बसला. एखाद्या मास्तराला बोलावून ‘या वहीनें तुमचा किती वेळ जातो?’ असें मात्र कोणी विचारलें नाहीं.

श्रोते हो, विश्वचषकासारखा महोत्सव धंद्याला बाहेरून हलवूं शकतो. नवी मागणी आणूं शकतो, जुनी कला एका हंगामांत मागें टाकूं शकतो. परंतु लहान कारखान्याच्या आंत नवें अवजार रुजतें, तें तें धरणाऱ्या हातालाही त्याच्या लाभाचा वांटा मिळाला तरच. आपणांपैकीं कोणाचें दुकान असेल, कोणाचा छापखाना असेल, कोणाच्या घरीं चार माणसें कामाला असतील. नवें यंत्र आणतांना त्याच्या किंमतीबरोबर एवढाही प्रश्न अवश्य विचारावा: यानें माझें काय वाचेल, आणि माझ्या माणसाचें काय जाईल? पुढच्या विश्वचषकाच्या वेळीं चेंडू जाळ्यांत शिरला आणि घरांत टाळ्या वाजल्या, म्हणजे सियालकोटच्या त्या कापणाऱ्याचीही आठवण व्हावी, एवढी इच्छा प्रदर्शित करून मी आपली रजा घेतों.