क्रियापदाचा सोबती

कन्हान नदीकाठच्या आमच्या खाप्यात लहानपणी एकच गोष्ट मी तीन तऱ्हांनी ऐकत असे. घरी आई म्हणे, "अब्बा से पूछ." शेजारच्या काकू म्हणत, "अब्बाले इचार." शाळेत गुरुजी सांगत, "वडिलांना विचार." 'से', 'ले' आणि 'ना' यांत माझा कधी गोंधळ झाला नाही. गोंधळ झाला तो इंग्रजीत. बी. ए.च्या वर्गात एकदा मी 'डिस्कस अबाउट' म्हणालो आणि सारे हसले. पुढे कित्येक वर्षे मी चारचौघांत इंग्रजी बोललो नाही.

चूक कुठे झाली? मराठीत आपण कवितेविषयी चर्चा करतो. तो 'विषयी' मी इंग्रजीत नेला. पण 'डिस्कस'च्या पोटातच 'विषयी' आहे, वेगळा शब्द लागत नाही. 'मॅरी'चेही तसेच. आपण कुणाशी लग्न करतो, म्हणून चुकून 'मॅरी विथ' म्हणतो. उलट, आपण नुसते गाणे ऐकतो, तिथे 'लिसन'पुढे 'टू' हवाच. 'त्याला सांग' म्हणजे 'टेल हिम', पण 'त्याला म्हण' म्हणजे 'से टू हिम'!

असे का? जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि त्यांचे बरेचसे काम शब्दांच्या क्रमाने व नामाआधीच्या या छोट्या शब्दांनी उचलले. कोणत्या क्रियापदाला कोणता सोबती, हे पुष्कळदा वापरानेच ठरले. आपणही वाघाला भितो, मुलावर रागावतो, शेजाऱ्याशी भांडतो. हे आपण घोकले नाही, ऐकत आलो.

म्हणून क्रियापद एकटे पाठ करू नये. वहीत नुसते 'वेट' न लिहिता 'वेट फॉर द बस' लिहावे. सोबती बदलला की अर्थही बदलतो. 'लुक ॲट' म्हणजे पाहणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आले. घरातल्या मुलाच्या तोंडून उद्या 'डिस्कस अबाउट' निघाले, तर हसू नका. ते मराठीतून विचार करते आहे, एवढेच. बरोबर वाक्य एकदा म्हणून दाखवा आणि त्याला बोलू द्या. चुकलेला शब्द दोन दिवसांत सुधारतो. मिटलेले तोंड उघडायला मात्र वर्षे लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)