कोबीच्या मळ्यात मोहरीच्या ओळी

उज्जैनमधील माधवनगरचे मराठी घर असो वा म्हापशातील स्वयंपाकघर, कोबीचा गड्डा चिरण्यापूर्वी वरची दोन-चार पाने काढून टाकण्याची रीत सारखीच. ती पाने पुष्कळदा चाळणीसारखी झालेली असतात. माळव्याची काळी जमीन असो, गोव्याला भाजी पुरविणारा बेळगावचा मळा असो, की भात कापल्यावर वायंगणात कोबी लावणारे आपल्याकडील शेत असो, ही चाळण करणारा मुख्य शत्रू एकच: चौकोनी ठिपक्यांचा पतंग.

पंख मिटून बसला की त्याच्या पाठीवर शंकरपाळ्यांच्या आकाराचे फिकट ठिपके ओळीने दिसतात. त्याची हिरवी अळी पानाचा खालचा भाग खरवडून खाते, वरचा पापुद्रा तेवढा ठेवते आणि डिवचल्यास रेशमी धाग्याला लोंबकळते. उष्ण हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. म्हणजे एकाच हंगामात अनेक पिढ्या. प्रत्येक फवारणीतून जे थोडे जीव बचावतात, त्यांचीच संतती पुढे वाढते आणि औषध निष्प्रभ होत जाते. १९५० च्या दशकाच्या आरंभीच जावा बेटावर हा पतंग डीडीटीला दाद देईनासा झाला होता. जैविक म्हणून नावाजलेल्या बीटी जिवाणूलाही तो हवाई बेटांवर पुरून उरला. तसा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही ‘औषध लागू पडत नाही, तर मात्रा वाढवा’ हा सल्ला दुकानातून सर्रास मिळतो. या वाढीव मात्रेत अळीच्या शरीरात अंडी घालणारी कोटेशिया ही उपकारक गांधीलमाशी मात्र आधी मरते.

बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सुचविलेला मार्ग वेगळा आहे. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्यावयाच्या. एक ओळ कोबीच्या लागवडीच्या सुमारे १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर सुमारे २५ दिवसांनी, म्हणजे पहिली जून होईस्तोवर दुसरी कोवळी तयार असते. मोहरीला तिखटपणा देणारी द्रव्ये मुळात तिच्या संरक्षणासाठी आहेत. पण या पतंगाला तीच आमंत्रण वाटतात. कोबी सोडून तो मोहरीवर अंडी घालतो. मावाही बराचसा तिकडेच वळतो. मग कीटकनाशक फवारायचे ते मुख्यतः मोहरीवर. येथे एक इशारा आवश्यक आहे: फवारणीचा विसर पडला, तर हाच सापळा किडीचे पाळणाघर ठरतो. मुख्य पिकावर रोपामागे सुमारे दोन अळ्या दिसू लागल्या, तर निंबोळी अर्क किंवा बीटी सायंकाळी फवारावे; बीटीचा प्रभाव उन्हात लवकर ओसरतो. फवारा पानांच्या खालच्या बाजूस पोहोचला नाही, तर श्रम वाया.

रोगांपैकी घाण्या हा सर्वांत घातक. पानाच्या कडेपासून आत शिरणारा इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा पिवळा डाग आणि काळवंडलेल्या शिरा ही त्याची खूण. जिवाणू बियाण्यातून येतो, म्हणून बी ५० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटे बुडवून, सावलीत सुकवून पेरतात. तापमान मात्र तापमापीनेच मोजावे. अंदाजाने तापविलेल्या पाण्यात बी शिजून जाते. पानांवर पाणी उडविणारे तुषार सिंचन या रोगाला पोषक असते. शेतात शिरलेला जिवाणू पिकाच्या अवशेषांतही तग धरतो, त्यामुळे त्याच जागी दोन-तीन वर्षे कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा वा मोहरी यांपैकी काहीही घेऊ नये. सापळ्याची मोहरीही याच कुळातली, हे फेरपालटाच्या हिशेबात सहसा निसटते.

तणांचा उपद्रव पहिल्या महिना-दीड महिन्यात अधिक. तेवढ्या काळात दोन खुरपण्या आणि ओळींमध्ये भाताचा पेंढा पुरेसा होतो. लव्हाळा मात्र पेंढ्याला जुमानत नाही. तो गाठींसकट उपटावा लागतो. बांधावरची रानमोहरीही काढावी, कारण ती घाण्या आणि पतंग दोघांनाही आसरा देते.

गड्डा भरू लागल्यावर केलेली फवारणी थेट ग्राहकाच्या ताटाशी जोडलेली असते. औषधाच्या वेष्टनावर फवारणी व काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत हे छापलेले असते. भाव चढला म्हणून ते दिवस कमी करता येत नाहीत, आणि अंतर्प्रवाही औषध घरी गड्डा धुतल्याने निघत नाही. काढणीनंतरचे खुंट आणि खालची पानेही आठवडाभर तशीच उभी ठेवू नयेत. शेजारच्या वाफ्यात नवी रोपे लावण्यापूर्वी ती उपटून गाडावीत, अन्यथा जुन्या पानांवर वाढलेली पिढी सरळ नव्या रोपांवर उतरते.