विसाव्याची घरपट्टी

नगरपालिका घरपट्टी कशासाठी घेते, असं विचारलं तर कुणीही चार गोष्टी सांगेल: पाणी, गटारं, रस्ते, दिवाबत्ती. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलने १८७९ साली या यादीत पाचवी गोष्ट घातली. संसदेकडून खास कायदा करून घेऊन या गावाने घरपट्टीत पौंडामागे दोन पेनी जादा घ्यायची परवानगी मिळवली. पैसे कशासाठी? गावाची जाहिरात करायला आणि बँड ठेवायला. असा अधिकार तेव्हा ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्याही गावाकडे नव्हता. त्या दोन पेनींतून रंगीत भित्तिपत्रकं छापली गेली आणि कापड गिरण्यांच्या गावांतल्या रेल्वे स्टेशनांवर लागली. काजळी धरलेल्या भिंतीवर निळा समुद्र आला.

ब्लॅकपूल म्हटलं की लोकांना टॉवर आठवतो, रोषणाई आठवते. मला आधी ती दोन पेनीची पट्टी आठवते. कष्टकऱ्याचा विसावा हे सार्वजनिक काम आहे, त्याचा हिशेब पाण्याच्या आणि रस्त्यांच्या हिशेबाशेजारी मांडायचा असतो, हे या गावाला फार लवकर उमगलं होतं. गावाचा सगळा इतिहास, कारभार आणि पोटापाण्याचा धंदा त्या एका समजुतीभोवती फिरतो.

नावाप्रमाणे हे मूळचं ‘काळं डबकं’. मार्टन मिअर नावाच्या तळ्याचं पाणी कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या जमिनीतून वाहत समुद्राला मिळायचं आणि येताना काळं होऊन यायचं. अठराव्या शतकात समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते असं डॉक्टर सांगू लागले, तसे थोडे श्रीमंत लोक इथे येऊ लागले. १८४६ साली रेल्वेचा फाटा थेट गावात आला आणि चित्र पालटलं. १८५१ मध्ये जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे गाव १९०१ मध्ये सत्तेचाळीस हजारांवर पोचलं.

रेल्वे तर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांना मिळाली. मग हेच का वाढलं? याचं एक उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. शेजारचं लिदम एका मोठ्या जमीनदार घराण्याच्या हातात होतं. घरं कशी असावीत, पाहुणे कुठल्या दर्जाचे यावेत, हे तिथे जमीनदार ठरवायचा. ब्लॅकपूलच्या मध्यवस्तीतली जमीन मात्र लहान लहान तुकड्यांत वाटलेली होती. कुणी एक मालक नसल्याने कुणाचा एकाचा हुकूमही नव्हता. ज्याच्याकडे चार गुंठे होते त्याने चार मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. दाटीवाटीने घरं उभी राहिली, आणि म्हणूनच गिरणी कामगाराला परवडेल असं भाडंही शक्य झालं.

हा गिरणी कामगार आपल्याला अगदीच परका नाही. लँकेशायर, म्हणजे या गिरण्यांचा परगणा, आणि मुंबई कापसाच्या एकाच धाग्याने बांधलेली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस अडला, तेव्हा लँकेशायरात चुली विझल्या आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. पुढे १९२१ साली परळला विदेशी कापडाची होळी झाली. असलं कापड विणणारे हात लँकेशायरच्या गिरण्यांतल्या बायकामाणसांचे होते. आपल्या इतिहासात ते क्वचितच दिसतात.

त्या हातांना वर्षातून एकदा सुट्टी मिळायची, ‘वेक्स वीक’ म्हणजे जत्रेचा आठवडा. प्रत्येक गिरणी-गावाचा आठवडा ठरलेला असायचा. बॉयलर थंड व्हायचे, दुकानं बंद व्हायची आणि अख्खं गाव ब्लॅकपूलच्या गाडीत बसायचं. या आठवड्यात बोल्टन रिकामं, तर दुसऱ्या आठवड्यात ओल्डहॅम. या सुट्टीचा पगार मिळत नसे. भरपगारी रजेचा कायदा झाला तो १९३८ साली. म्हणून गिरणीत आणि आळीत वर्षभर भिशीसारखे पैसे साठवले जायचे आणि सुट्टीच्या तोंडावर हातात यायचे.

गणपतीला किंवा शिमग्याला कोकणात निघालेली गिरणगावची चाळ डोळ्यांसमोर आणावी. फरक एवढाच, की आपला चाकरमानी स्वतःच्या घरी जायचा. तिथे त्याचं अंगण होतं, माडी होती, म्हातारी आई होती. बोल्टनच्या विणकराला परतायला गाव उरलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत गेल्यावर तो गिरणीच्या गावाचाच झाला होता. त्याला आठवडाभरापुरतं एक गाव हवं होतं. ते ब्लॅकपूलने दिलं.

या आठवड्याच्या गावाचा संसार चालवला लँडलेडींनी. पुष्कळजणी त्याच गिरणी-गावांतून आलेल्या. साठवलेल्या पैशातून घर घ्यायचं आणि खोल्या भाड्याने द्यायच्या, हा त्यांचा धंदा. जुन्या पद्धतीत पाहुण्याने खोलीचं भाडं द्यायचं आणि खाण्याचं सामान स्वतः आणायचं. रोज सकाळी प्रत्येक कुटुंबाचं मांस, बटाटे, चहा, साखर स्वयंपाकघरात येऊन पडायचं. सहा कुटुंबं असली तर सहा हिशेब, सहा भांडी, एकच चूल. कुणाचे बटाटे कुणाच्या ताटात जाता कामा नयेत आणि सगळ्यांना जेवण मात्र एकाच वेळी गरम हवं. शेवटच्या दिवशी बिलात मीठ-मिरीच्या भांड्याचेही वेगळे पैसे लागायचे. त्यावरून या बायकांची भरपूर थट्टा झाली. पण वर्षाची कमाई चार महिन्यांत करायची आणि उरलेले आठ महिने त्यावर काढायचे, असा ज्यांचा प्रपंच, त्यांना मिठाचाही हिशेब ठेवावाच लागतो. आपल्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

गावाचा कारभार आणि गावाचा धंदा यांच्यात इथे भिंत नव्हतीच. १८५१ मध्ये स्थानिक आरोग्य मंडळ आलं, १८७६ मध्ये नगरपालिका झाली, १९०४ मध्ये परगण्याच्या बरोबरीचा स्वतंत्र दर्जा मिळाला. सभागृहात हॉटेलवाले, बांधकामवाले, करमणुकीच्या कंपन्यांचे भागधारक बसायचे. यात हितसंबंधांचा गुंता होता, हे उघड आहे. पण गर्दी म्हणजेच भाकरी हे प्रत्येक सभासदाला कळत होतं, त्यामुळे निर्णय अडून राहत नसत. सप्टेंबर १८७९ मध्ये समुद्रकाठच्या रस्त्यावर विजेचे आठ ‘आर्क’ दिवे लागले आणि ते बघायला माणसं लोटली. २९ सप्टेंबर १८८५ रोजी त्याच रस्त्यावर विजेची ट्राम सुरू झाली. रुळांमधल्या खाचेतून वीज घ्यायची अशी तिची रचना होती. वाळू आणि खारं पाणी त्या खाचेत शिरून त्रास देऊ लागलं, तेव्हा १८९९ मध्ये वीज डोक्यावरच्या तारेतून आणली. ट्राम खासगी कंपनीची होती, ती १८९२ मध्येच नगरपालिकेने ताब्यात घेतली होती. पुढे १९६२ पर्यंत ब्रिटनमधल्या मोठ्या शहरांनी आपल्या ट्राम एकेक करून मोडीत काढल्या. मुंबईची ट्रामही १९६४ मध्ये थांबली. ब्लॅकपूलची धावत राहिली.

टॉवरची गोष्टही याच सभागृहातली. जॉन बिकरस्टाफ हे गावातले हॉटेलवाले आणि महापौर. १८८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी आयफेल टॉवर पाहिला आणि असा एक आपल्याकडे हवा, हे मनात घेतलं. १४ मे १८९४ रोजी ५१८ फुटांचा पोलादी टॉवर लोकांसाठी खुला झाला. त्याच्या चार पायांच्या मधोमध सर्कस आहे. खेळाच्या शेवटी रिंगणाची जमीन खाली जाते आणि तिथे ४२,००० गॅलन पाणी भरतं. १८९९ मध्ये फ्रँक मॅचम या नाट्यगृहं बांधणाऱ्या वास्तुरचनाकाराने शेजारीच नाचाचं दालन उभारलं: सोनेरी सज्जे, रंगवलेलं छत, झुंबरं. अशी दालनं तोवर राजवाड्यांत असायची. इथे सहा पेनी देऊन आत येणारी मुलगी आठवड्यापूर्वी मागासमोर उभी असायची, कानांत धोट्यांचा खडखडाट आणि केसांत कापसाची तूस. तिच्यासाठी कुणी सोन्याचा मुलामा दिला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

घरी नेण्यासाठी इथे एक मिठाई मिळते, तिला ‘रॉक’ म्हणतात. बाहेरून गुलाबी, आतून पांढरी, बोटाएवढी जाड कांडी. कुठेही तोडली तरी आत गावाचं नाव दिसतं. ही अक्षरं छापलेली नसतात. साखर आणि ग्लुकोजचा पाक उकळून, थंड होताना ताणून ताणून त्यात हवा भरतात, तसा तो पांढरा होतो. रंगीत पाकाच्या पट्ट्या पांढऱ्या पाकात रचून एकेक अक्षर हाताएवढं मोठं बांधतात. चौकोनी अंगाची अक्षरं आधी करायची, कारण ती आकार धरून ठेवतात. गोल अक्षरं शेवटी, कारण ती लगेच बसतात. मग सगळी अक्षरं एकत्र बांधून, भोवती गुलाबी वेष्टन घालून, त्या अवजड गोळ्याला लांब ओढत नेतात, तो बोटाएवढा होईपर्यंत. पाक कडक होण्याआधी सगळं उरकायचं असतं. कारागिराला अक्षर मोठं दिसतं, गिऱ्हाईकाला नखाएवढं.

हंगाम चार महिन्यांचा, हे गावाचं जुनं दुखणं. त्यावरचं औषधही नगरपालिकेनेच काढलं. १९१२ साली राजकन्या लुईझ यांच्या हस्ते समुद्रकाठच्या नव्या भागाचं उद्घाटन झालं, तेव्हा सुमारे १०,००० दिवे लावले. ते इतके आवडले, की व्यापाऱ्यांनी सप्टेंबरमध्ये ते पुन्हा लावायला लावले. गिरण्यांच्या सुट्ट्या संपल्या, थंडी लागली, तरी माणसं दिवे बघायला येऊ लागली. दोन्ही महायुद्धांत दिवे विझले, पुन्हा लागले. आज ही रोषणाई सुमारे सहा मैलांची आहे, दिवे दहा लाखांवर. त्यासाठी नगरपालिकेची स्वतःची कार्यशाळा आहे. किनारा अंधारात असतो तेव्हाही तिथे वायरमन, सुतार, रंगारी पुढच्या वर्षाचं काम करत असतात. शरद ऋतूत विंटर गार्डन्स या गावातल्या करमणुकीच्या संकुलात राजकीय पक्षांची आणि कामगार संघटनांची अधिवेशनं भरायची, त्यामागेही रिकाम्या खोल्या भरण्याचाच विचार होता.

मग गर्दीची वाट बदलली. साठ-सत्तरच्या दशकांत विमानाने स्पेनला नेणाऱ्या स्वस्त सहली निघाल्या. त्याच काळात लँकेशायरच्या गिरण्या बंद पडत गेल्या, आणि गिरण्यांबरोबर त्यांचा जत्रेचा आठवडाही गेला. १९६४ मध्ये गावातलं सेंट्रल स्टेशन बंद झालं. १९७५ मध्ये मोटरवे आला. माणसं येत राहिली, आजही लाखोंनी येतात. पण सकाळी येऊन रात्री परत जाऊ लागली. खोल्या रिकाम्या राहिल्या. त्यांत भाडेकरू आले: कामाच्या शोधात, घर मोडून, आजारपणात, कुणी लहानपणी इथे घालवलेल्या आठवड्याच्या आठवणीने. एका आठवड्यासाठी बांधलेल्या खोलीत लोक आयुष्य काढू लागले.

२०१९ च्या सरकारी पाहणीत इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित दहा वस्त्यांपैकी आठ ब्लॅकपूलमधल्या निघाल्या. इथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे ७४ वर्षं, देशात सर्वांत कमी. २०२१ मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस विटी यांनी आपला वार्षिक अहवालच किनाऱ्यावरच्या गावांच्या आरोग्यावर लिहिला. या आकड्यांकडे बघून गावाला नावं ठेवणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. आसरा देणं हाच या घरांचा धंदा होता. पाहुणे गेले आणि निराधार आले, तेव्हाही दारं उघडीच होती.

बाहेरून तारणहार येण्याची वाट गावाने एकदा पाहिली. देशातला सर्वांत मोठा जुगारअड्डा इथे यावा असे प्रयत्न झाले. २००७ मध्ये निवड समितीने मँचेस्टरचं नाव दिलं आणि पुढे ती योजनाच बारगळली. त्यानंतर गाव पुन्हा स्वतःच्या जुन्या मार्गाला लागलं. १९७४ मध्ये लँकेशायरच्या परगणा परिषदेखाली गेलेला कारभार १९९८ मध्ये पूर्णपणे गावाकडे परत आला होताच. २०१० मध्ये नगरपालिकेने टॉवर आणि विंटर गार्डन्स विकत घेतले. २०१२ मध्ये ट्रामचा मार्ग नव्याने बांधून नवे डबे आणले, आणि २०२४ मध्ये ती ट्राम रेल्वे स्टेशनपर्यंत नेली. त्याच वर्षी गावाच्या करमणुकीच्या इतिहासाचं ‘शोटाऊन’ संग्रहालय उघडलं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते यांपेक्षा कमी दिसणारं काम: नगरपालिकेने घरबांधणीची कंपनी काढली आहे, ती जुनी बोर्डिंग हाउसं विकत घेते, कोंदट खोल्यांच्या भिंती पाडते आणि राहण्याजोगी घरं करून रास्त भाड्याने देते. ज्या घरांतून एकेकाळी दुसऱ्यांच्या विसाव्याची सोय व्हायची, त्यांत आता गावकऱ्यांच्या राहण्याची सोय व्हायची आहे.

हे काम एका गावाच्या घरपट्टीतून पुरं होणार नाही. ज्या देशाचे कामगार शंभर वर्षं इथे येऊन ताजेतवाने होऊन परत कामाला लागले, त्या देशाकडे या गावाचं येणं आहे.

दर वर्षी उन्हाळा सरताना कळ दाबली जाते आणि सहा मैलांचा किनारा उजळतो. हल्ली तो जानेवारीपर्यंत उजळलेला असतो. वर्गण्या जमतात, देणग्या येतात, पण मोठा भार नगरपालिकाच उचलते. देशातल्या सर्वांत गरीब गावांत ज्याची गणना होते, ते गाव दहा लाख दिवे लावतं, आणि ते बघायला तिकीट लागत नाही.