रागावण्याची मर्जी नसावी

परक्या देशात गेलेला माणूस तिथल्या भाषेत 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द पहिल्याच दिवशी शिकतो. पण कुणाला न दुखवता 'नाही' म्हणायला शिकायचे, तर आधी कुणाला तरी दुखवावेच लागते, असा माझा अनुभव आहे. हंगेरियन भाषा शिकताना माझ्या हातून दुखावल्या गेल्या त्या माझ्या शेजारीणबाई.

१९९४ साली नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षांसाठी बुडापेस्टला गेलो. डॅन्यूबच्या पूर्वेकडच्या पेश्त भागात एका जुन्या इमारतीत खोली मिळाली. मध्ये चौक आणि प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती फिरणारी सामाईक गॅलरी. तिथे तिला 'गॉंग' म्हणतात. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या मला ती पाहून घरी आल्यासारखेच वाटले. शेजारच्या घरात सत्तरीच्या एक बाई एकट्याच राहत. वयस्कर बाईंच्या नावापुढे तिकडे 'नेनी' लावतात, आपल्या काकू-मावशीसारखे. मी इथे त्यांना नुसतेच नेनी म्हणेन.

पहिल्याच रविवारी नेनींनी जेवायला बोलावले. तिथले रविवारचे जेवण बहुधा मांसाच्या सूपने सुरू होते आणि मी पडलो शाकाहारी. शब्दकोशाच्या भरवशावर म्हणालो, 'नेम सेरेतेम.' म्हणजे, मला हे आवडत नाही. व्याकरण बिनचूक होते, पण नेनींचा चेहरा उतरला. 'सेरेत' हे क्रियापद पदार्थ आवडण्यासाठी वापरतात आणि माणसावर जीव लावण्यासाठीही तेच. सूप मी चाखलेसुद्धा नव्हते आणि निकाल देऊन मोकळा झालो होतो!

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या सहकाऱ्याने चूक दाखवली. अशा वेळी म्हणायचे, 'कोसोनोम, नेम केरेक.' शब्दशः अर्थ, 'आभारी आहे, मी मागत नाही.' आभार आधी, नकार नंतर. आणि नकारही पदार्थाला नाही, फक्त आपल्या मागण्याला. ही भाषा फिनिशच्या कुळातली. संस्कृतशी तिचे नाते नाही, की इंग्रजीशीही. तरी इथे मला मराठीची आठवण झाली. आपण 'नाही' आणि 'नको' वेगळे ठेवतो. त्यांच्याकडेही साध्या विधानाला 'नेम' लागते आणि 'जाऊ नकोस'सारख्या आज्ञेला 'ने'. इच्छा नसली तर म्हणतात, 'निंच केदवेम', म्हणजे 'मला मूड नाही'. आपण 'मला वेळ नाही' म्हणतो, तीच तऱ्हा.

एवढे शिकल्यावर नकाराचे प्रकरण संपले, असे मला वाटले. खरी परीक्षा पुढेच होती.

हंगेरीत प्रत्येकाचा एक नामदिवस असतो. कॅलेंडरात रोजच्या तारखेपुढे नावे छापलेली असतात, आणि आपले नाव असेल त्या दिवशी घरी फुले येतात, गोडधोड होते. त्या वर्षी नेनींचा नामदिवस रविवारी आला. त्यांनी दुपारी जेवायला बोलावले. माझे मित्रांबरोबर सेंतेंद्रे या नदीकाठच्या गावी जायचे आधीच ठरले होते. तोंडावर नाही कसे म्हणायचे? मी म्हणालो, 'मेगप्रोबालोक.' म्हणजे, प्रयत्न करतो.

आता गिरगावात 'बघतो, जमलं तर येतो' याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. हा येणार नाही, हे यजमानीण समजून घेते आणि पान मांडत नाही. दोघांचीही अब्रू राहते.

रात्री आठला परतलो, तर नेनींच्या घरात दिवा होता. दार उघडेच होते. टेबलावर दोन ताटे मांडलेली, एक झाकलेले. माझ्यासाठी त्यांनी मुद्दाम बिनमांसाचे फोज़ेलेक, म्हणजे दाटसर भाजी केली होती.

"तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं, एकदाच. आज गॉंगवर पाऊल वाजलं की वाटायचं, तुम्हीच आलात. किती वेळा वाईट वाटलं, ते मोजलं नाही."

मला उत्तर सुचले नाही. गार झालेली ती भाजी मी खाल्ली. खाता खाता त्यांनी मला धडा दिला. आधी 'शॉय्नोश', दुर्दैवाने. मग 'नेम तुदोक', मला जमत नाही. आणि मग 'ने हॉरॉगुद्योन', रागावू नका. मित्राला 'ने हॉरॉगुद्य', रागावू नकोस. आणि समोर नेनीच्या वयाचे माणूस असेल तर 'ने तेश्शेक हॉरॉगुद्नि', म्हणजे जवळजवळ 'रागावण्याची मर्जी नसावी'. यातले 'तेश्शेक' मला ओळखीचे होते. ताट पुढे करताना, खुर्ची देताना, दार उघडताना नेनी हाच शब्द म्हणत. ज्या शब्दाने आग्रह करायचा, त्याच शब्दाने माफी मागून नकार द्यायचा!

सगळे हंगेरियन असेच बोलतात, असे मी म्हणणार नाही. टाळाटाळ त्यांच्याकडेही असतेच. पण नेनींच्या त्या वाक्यात 'नेम' जागच्या जागी स्पष्ट उभा होता. सौजन्य होते ते त्याच्या आजूबाजूला. मी सौजन्य म्हणून तो 'नेम'च गिळून टाकला होता. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणारी आपली भाषा मला प्रियच आहे. पण ते 'येतो' ज्याला कळते, त्याच्यापाशीच ते शोभते. ज्याला कळत नाही, तो ताट झाकून बसतो.

१९९६ साली परत निघालो, तेव्हा नेनींना म्हटले, विमानतळावर याल का? त्यांच्या भाषेत आभाराच्या उत्तरालाही आणि खुशीलाही एकच शब्द आहे, 'सीवेशेन'. 'सीव' म्हणजे हृदय. सीवेशेन म्हणजे मनापासून, आनंदाने. मी आभार मानले की नेनी नेहमी हाच शब्द उत्तरादाखल म्हणत. त्या दिवशी मात्र त्याच्याआधी 'नेम' आला. "नेम सीवेशेन," त्या म्हणाल्या. निरोप द्यायला माझं मन घेत नाही. ने हॉरॉगुद्योन.

मी रागावलो नाही. वाईट वाटले, पण एकदाच. टॅक्सीतून मागे वळून कुणाची वाट पाहावी लागली नाही.