बुजवलेल्या खाजणाला बदली खाजण मिळते का?

किनारा आणि कायदा : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण भरतीरेषा कशी आखतात ते पाहिले. आज त्या रेषेच्या आत-बाहेर पसरलेल्या पाणथळ जमिनीबद्दल. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या जागांना आता मोठी मागणी आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर बाणकोट, दाभोळ, जयगड आणि काळबादेवीच्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, त्यामुळे ही मागणी वाढतच जाणार. हॉटेल किंवा दुकानांचे संकुल उभे करायला निघालेला माणूस सहज म्हणतो, "इथली तिवरं गेली तर तिप्पट दुसरीकडे लावू." कायद्याला ही अदलाबदल मान्य आहे का? खासगी व्यापारी बांधकामासाठी, जवळजवळ कधीच नाही. ते का, हे समजून घेऊ.

कोणत्या जमिनीला कोणता कायदा

खाडीच्या भरती-ओहोटीत येणाऱ्या जमिनीला सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, २०१९ची अधिसूचना लागू होते. कांदळवन (तिवरांचे जंगल), जिवंत चिखलपट्टे आणि खारे दलदली पट्टे तिच्यात सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात. त्याशिवाय मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८चा निकाल आहे. राज्यभरातल्या कांदळवनाची तोड त्याने थांबवली आणि कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करायला व राडारोडा टाकायला मनाई केली. जमीन सरकारी असो की खासगी, मनाई सारखीच. आपल्या सातबाऱ्यावरची जागा आहे म्हणून तिवर तोडता येत नाही.

भरतीरेषेपासून दूरच्या तळ्यांना आणि दलदलींना २०१७चे पाणथळ संवर्धन नियम लागू होतात. अधिसूचित पाणथळात भराव, अतिक्रमण, उद्योग आणि कचरा टाकणे यांना त्यात बंदी आहे. त्याआधीच, ८ फेब्रुवारी २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने इस्रोच्या नकाशावर नोंदलेल्या २,०१,५०३ पाणथळांना जुन्या, २०१०च्या नियमांतल्या तत्त्वांनी जपण्याचा आदेश दिला. ही प्रत्येकी सव्वादोन हेक्टरहून मोठी पाणथळे आहेत. त्यांच्या सीमा जागेवर जाऊन निश्चित करण्याचे काम पुरे करा, असे न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा बजावले.

तिप्पट लागवड कोणासाठी?

सीआरझेड अधिसूचनेत तिप्पट लागवडीची अट खरोखर आहे. पण ती संरक्षण, सामरिक गरज आणि सार्वजनिक सुविधा यांसाठी अपवाद म्हणून परवानगी मिळालेल्या रस्त्यांना लागू आहे. अशा कामातही उच्च न्यायालयाची परवानगी लागते आणि सार्वजनिक हित सिद्ध करावे लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी आधी ५३ हजारांवर कांदळवृक्ष तोडायचे होते. आराखडा बदलून हा आकडा सुमारे २२ हजारांवर आणला गेला आणि मग डिसेंबर २०२२मध्ये न्यायालयाने परवानगी दिली. टाळता येईल तेवढे आधी टाळायचे, उरलेल्याचीच भरपाई करायची, हा यातला क्रम. खाडीच्या देखाव्यासाठी बांधलेले हॉटेल सार्वजनिक हिताच्या कसोटीला उतरणे अवघड आहे.

बदली तळे चालेल का?

गोड्या पाण्याच्या तळ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०१९ रोजी अधिक स्पष्ट उत्तर दिले. ग्रेटर नोएडाजवळच्या सैनी गावातली सार्वजनिक तळी तिथल्या विकास प्राधिकरणाने खासगी उद्योजकांना दिली होती. बदल्यात दुसरीकडे तळे करू, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि तळी पूर्ववत करायला सांगितले. एकीकडचे नैसर्गिक पाणी नष्ट केल्याचे नुकसान दुसरीकडे खोदलेल्या तळ्याने भरून निघेलच याची खात्री नाही, आणि गावाला आपले पाणी दूर शोधायला लावणे अन्यायाचे आहे, ही त्यामागची भूमिका होती.

अमेरिकेचा अनुभवही हेच सांगतो. तिथे पाणथळ बुजवणारा विकासक दुसरीकडे तयार केलेल्या पाणथळाचे हिस्से विकत घेऊ शकतो. पण तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१मध्ये तपासले, तेव्हा पाणथळांची एकूण घट शून्यावर ठेवण्याचे उद्दिष्ट गाठले गेलेले नव्हते.

कारण साधे आहे. खाजण म्हणजे नुसती झाडे नव्हेत. भरतीचे पाणी आत येणे, गोडे पाणी वरून उतरणे, गाळ साठणे आणि त्या गाळात तिसऱ्या, कालवे, चिंबोऱ्या वाढणे हे सगळे मिळून खाजण होते. भराव टाकून पाण्याची वाट बंद केली की पलीकडचे तिवरही वाळते. बदली लागवड उघड्या चिखलपट्ट्यावर केली, तर तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची जागा आणि पक्ष्यांचे चरण्याचे ठिकाण जाते. म्हणजे एक पाणथळ वाचवल्याचे दाखवायला दुसरे मारायचे.

कायद्यातून सुटलेली जागा

रत्नागिरीचे खरे दुखणे वेगळे आहे. २०१७च्या नियमांतल्या पाणथळाच्या व्याख्येतून भातखाचरे आणि नदीपात्रे वगळली आहेत. सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, पावसाळ्यात भरणारी उथळ तळी सव्वादोन हेक्टरांपेक्षा बरीच लहान, त्यामुळे ती त्या २,०१,५०३ पाणथळांतही नाहीत. सड्यावर मुरलेले पाणीच खालच्या विहिरींना आणि पऱ्यांना पुरते. पण सातबाऱ्यावर अशी जागा पोटखराबा म्हणून येते आणि वाचणाऱ्याला ती पडीक वाटते. शिवाय २० हजार चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम असेल, तर पर्यावरण मंजुरीची चाळणी सहसा लागतच नाही. लहान लहान प्रकल्प एकेक करून सडा आणि मळा गिळतात, आणि कोणताही नियम मोडल्याची नोंद होत नाही.

म्हणून अशा जागांची नोंद गावानेच करायला हवी. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. खाजणे, तळी, सड्यावरची डबकी, पऱ्यांचे उगम गट क्रमांकासह तिच्यात लिहा आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या. जागा विकत घेणाऱ्यांनी व्यवहाराच्या आधी सीआरझेड नकाशा पाहावा आणि पावसाळ्यात एकदा जागेवर उभे राहावे. भराव पडताना दिसला, तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह छायाचित्र काढून तहसीलदारांकडे आणि कांदळवन असेल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पडलेला भराव उचलून घेणे फार कठीण असते. तो पडण्याआधी बोला.