शिखरावर चटणी का सांडते?

मुंबईत घट्ट बंद केलेली, पाठपिशवीत उलटी राहिलेली चटणीची मऊ बाटली कळसूबाईवर उघडली, की चटणी आपणहून बाहेर येते. १६४६ मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी कमी असतो. बाटलीत कोंडलेली हवा प्रसरण पावू पाहते आणि तोंडाशी आलेल्या चटणीला ढकलते. यावर उपाय म्हणजे पुन्हा भरता येणारी, मागून उघडी नळी. लोणी, मध किंवा शांपू मागून भरावा, हवा दाबून काढावी, टोक दुमडून चिमटा लावावा. पॉलिथिनमध्ये वास मुरतो. शांपूची नळी कितीही धुतली तरी खाण्याच्या पदार्थासाठी नको. विद्यार्थ्यांना उलटा प्रयोगही दाखवता येईल: शिखरावर बूच लावलेली पाण्याची रिकामी बाटली मुंबईला पोहोचेपर्यंत चेपते.