परदेशी मृत्यू पावलेल्या सैनिकांचा शोध : ऑस्ट्रेलियन वैमानिक आणि भीमथडीचा शिपाई

प्रस्तावना

पाटस, दौंड, शिरूर या पट्ट्यातील एखाद्या जुन्या घरात पत्र्याच्या पेटीतून चांदीचे एक पदक निघते. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोड्यावरील पुरुषाकृती. त्याविषयी विचारले असता घरातील वडीलधारी मंडळी एकच वाक्य सांगतात, 'आमचे पणजोबा बसऱ्याला गेले.' या वाक्यातील 'गेले' म्हणजे लढाईवर गेले, की तेथेच मृत्यू पावले, याचाही कित्येकदा उलगडा होत नाही. मृत्यू पावले असतील तर कोठे, कोणत्या दिवशी आणि कशाने, हे प्रश्न तर पुढचेच. इतिहास विभागातील अध्यापकाकडे विद्यार्थी असे पदक घेऊन येतो तेव्हा त्याला काय सांगावे, या अडचणीतून प्रस्तुत लेखाचा विषय निघाला आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी मृत्यू पावलेल्या सैनिकाचा शोध घेण्याच्या पद्धती ऑस्ट्रेलियात फार पुढे गेल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वैमानिकदलाने या युद्धात आपला पहिला बळी ज्या भूमीवर दिला, त्याच भूमीवर मराठा पलटणींतील शिपायांनीही प्राण ठेवले. त्यामुळे तुलना करण्यास दूर जावे लागत नाही. रणभूमी एक, वेढा एक, उपासमारही एक. वेगळा होता तो केवळ कागद.

मेसोपोटेमियातील अर्धी तुकडी

१९१५ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, मोहिमेसाठी ऑस्ट्रेलियाकडे वैमानिकांची मागणी केली. ऑस्ट्रेलियाने हेन्री पेट्री, थॉमस व्हाइट, विल्यम ट्रेलोअर आणि जॉर्ज मर्झ हे चार अधिकारी व सुमारे चाळीस यंत्रकारागीर पाठविले. मेसोपोटेमियन हाफ फ्लाइट या नावाने ओळखली जाणारी ही तुकडी मुंबईमार्गे मे १९१५ मध्ये बसऱ्यास पोहोचली. मर्झ हे मेलबर्न विद्यापीठाचे पदवीधर डॉक्टर होते. ३० जुलै १९१५ रोजी नासिरियाहून परतत असताना इंजिनातील बिघाडामुळे त्यांना विमान वाळवंटात उतरवावे लागले. त्यांच्यासोबत न्यूझीलंडचे लेफ्टनंट बर्न होते. तेथील अरबांशी झालेल्या चकमकीत दोघेही मारले गेले. त्यांचे देह कधीच मिळाले नाहीत.

व्हाइट व ट्रेलोअर हे १९१५ च्या सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये तुर्कांच्या कैदेत पडले. उरलेली तुकडी ब्रिटिशांच्या ३० व्या स्क्वाड्रनमध्ये विलीन झाली. तिच्यातील नऊ कारागीर जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पूना डिव्हिजनसोबत कूत-अल-अमारा येथे अडकले. ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. या नऊ ऑस्ट्रेलियनांपैकी दोघेच मायदेशी परतले.

याच डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढ्यात धान्य होते, पण ते दळण्याची सोय अपुरी होती. तेव्हा विमानांतून जात्याच्या तळ्या टाकण्यात आल्या. पुढे एप्रिलमध्ये अन्नाची पोतीही टाकली गेली. वेढ्यातील माणसांस आकाशातून अन्न पुरविण्याचा इतिहासातील हा आरंभीचा प्रयत्न समजला जातो. पोती पुरेशी नव्हती. घोड्याचे मांस खाण्यास बहुसंख्य हिंदी शिपायांनी दीर्घकाळ नकार दिला. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून अनुज्ञा मागविली गेली, तरीही बहुतेकांनी ते मांस घेतले ते अगदी शेवटी. ताजी भाजी नाही, मांस नाही. त्यामुळे हिंदी शिपायांत स्कर्व्ही हा रोग बळावला. हिरड्या सुजणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे, अंगातील त्राण जाणे ही त्याची लक्षणे. 'धारातीर्थी पडले' असे ज्यांच्याविषयी आपण समारंभात म्हणतो, त्यांतील कित्येकांचा मृत्यू असा झालेला असण्याचा संभव आहे, आणि अभ्यासकाने तो संभव मनात ठेवूनच शोध सुरू करावा.

कागद कोणी जमविला

ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या बाबतीत मृत्यूची हकीकत इतक्या तपशिलाने का मिळते? याचे श्रेय सरकारी दप्तराइतकेच एका स्वयंसेवी खटाटोपाकडे जाते. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांची कन्या व्हेरा डीकिन यांनी ऑक्टोबर १९१५ मध्ये कैरो येथे रेडक्रॉसच्या वतीने जखमी व बेपत्ता सैनिकांचे चौकशी कार्यालय उघडले. पुढे ते लंडनला हलविण्यात आले. नातेवाइकाचे पत्र आले की या कार्यालयाचे स्वयंसेवक रुग्णालयांतून फिरत, त्याच पलटणीतील जखमींना गाठत आणि 'तू त्याला शेवटचे केव्हा पाहिलेस?' असे विचारून उत्तरे लिहून घेत. अशा सुमारे ३२,००० व्यक्तींच्या स्वतंत्र धारिका आज कॅनबेरा येथील युद्धस्मारक-संग्रहालयात आहेत आणि संगणकावर पाहता येतात. (व्हेरा डीकिन यांनी १९२० मध्ये विवाह केला तो कैदेतून निसटून आलेल्या थॉमस व्हाइट यांच्याशीच.)

या धारिकांचे मोल त्यांतील विसंगतीत आहे. एक साक्षीदार म्हणतो, तो गोळी लागून जागीच कोसळला. दुसरा म्हणतो, मी त्याला रुग्णालयात पाहिले. तिसऱ्याने त्याचे केवळ नाव ऐकलेले असते. कार्यालयाने तिन्ही जबान्या ठेवल्या. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन हवाई दलाने प्रत्येक अपघातग्रस्त वैमानिकाची स्वतंत्र धारिका ठेवली, तिच्यातही अपघाताचा चौकशी अहवाल आणि आईवडिलांची पत्रे शेजारी शेजारी आढळतात.

हिंदी सैनिकांपैकी ज्यांना अधिकारपद होते त्यांचा मागही काही प्रमाणात लागतो. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर हे ब्रिटिश हवाई दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमधील वैमानिक. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचे विमान पडले व जखमी अवस्थेत जर्मनांच्या ताब्यात त्यांचा मृत्यू झाला. आज हांगार येथील दफनभूमीत त्यांची कबर नावानिशी उभी आहे. म्हणजे केवळ हिंदी असणे हे विस्मृतीचे पूर्ण कारण नव्हे. हुद्दा, साक्षरता आणि विचारणा करणारे कुटुंब यांवर कागदाचे अस्तित्व अवलंबून होते. भीमथडीतील शिपायाच्या घरून इंग्रजीत पत्र कोण लिहिणार, आणि कोणाला?

पटलावरील आकडा

बसरा येथील स्मारक मार्च १९२९ मध्ये उघडण्यात आले. मेसोपोटेमियात १९१४ ते १९२१ या काळात मृत्यू पावलेल्या व ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा ४०,५०० हून अधिक जणांचे ते स्मारक होय. मर्झ यांचे नाव तेथे आहे. मराठा पलटणींतील सुभेदार-जमादारांचीही नावे आहेत. शिपायांची मात्र नावे कोरली गेली नाहीत. पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या घातली गेली. याच सैन्यातील, याच हुद्द्याचे शिपाई फ्रान्समध्ये मेले तेव्हा न्यू शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर त्यांची नावे कोरण्यात आली, आणि दिल्लीच्या इंडिया गेटवरही तेरा हजारांहून अधिक नावे आहेत. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने एप्रिल २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली आहे. ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १,१६,००० जणांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

आपल्या भागाच्या दृष्टीने यातील एक विरोधाभास नोंदविण्यासारखा वाटतो. शिरूर तालुक्याच्या वेशीवर, भीमेच्या काठी, कंपनी सरकारने १८२१ नंतर उभारलेल्या कोरेगावच्या स्तंभावर साध्या शिपायांची नावे आहेत; त्यांतील 'नाक' प्रत्ययान्त नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. शंभर वर्षांनंतर बसऱ्यात त्याच दर्जाच्या शिपायाच्या वाट्याला आकडा आला. गावोगावीच्या वीरगळांशी तुलना केली तर चित्र अधिकच विचित्र दिसते. वीरगळावर बहुधा नाव नसते, पण वीर कसा मेला, गाईंच्या रक्षणात की लढाईत, हे खालच्या पट्टीवर कोरलेले असते. बसऱ्याच्या पटलावर नावही नाही आणि कारणही नाही.

शिपायाच्या नावाचा माग

पटलावर नसली तरी ही नावे आयोगाच्या नोंदवह्यांत होती, आणि आता ती आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. नोंदीत शिपायाचा क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा असतो. तेथपर्यंत पोहोचण्याची खरी अडचण लिप्यंतराची आहे. पलटणीच्या कारकुनाने कानावर पडले तसे रोमन लिपीत उतरविले. त्यामुळे पवारांचे पोवार होतात, भोसल्यांत एक अनुस्वार शिरतो, शिंदे कोठे सिंदे तर कोठे सिंदिया होतात. गावांचेही तसेच. दौंड हे 'धोंड' असे, तर शिरूर हे 'सिरूर' असे लिहिलेले आढळते. १८८५ च्या पुणे गॅझेटिअरात पाटस भीमथडी तालुक्यात दाखविले आहे. तेव्हा केवळ 'दौंड तालुका' म्हणून शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता अधिक. पलटण व गाव यांवरून आधी यादी काढावी आणि मग नाव पाहावे, हा क्रम मला अधिक उपयोगी वाटतो. नुसत्या नावावरून जुळणी करणे धोक्याचे आहे. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-पाच शिपाई सहज सापडतात.

तारीख हाती लागली की कारणाचा विचार करता येतो, कारण आयोगाच्या नोंदीत कारण सहसा नसते. ११० व्या पलटणीचा शिपाई २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ या दिवसांत मेला असेल तर तो टेसिफोनच्या लढाईतील असावा. या लढाईत डिव्हिजनचे सुमारे साडेचार हजार लोक मारले गेले वा जखमी झाले. फेब्रुवारी ते एप्रिल १९१६ मधील तारीख असेल तर वेढ्यातील तोफमारा, जखमा, स्कर्व्ही आणि उपासमार यांचा विचार करावा. २९ एप्रिलनंतरची तारीख कैदेकडे बोट दाखविते. कैद्यांना बगदाद, समारा, मोसूल या मार्गाने उन्हातून चालविण्यात आले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर लावले गेले. हगवण, हिवताप, साथीचे ताप आणि अतिश्रम ही तेथील मृत्यूंची कारणे होत. एकाच पलटणीतील अनेकांची एकच तारीख असेल आणि त्या दिवशी कोठेही लढाई नसेल, तर ती कचेरीने गृहीत धरलेली तारीख असण्याचा संभव असतो. ती खरी मृत्युतिथी म्हणून श्राद्धाच्या वहीत लिहून देऊ नये.

या तर्काला आधार द्यावयाचा तर लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील पलटणींच्या युद्धदैनंदिन्या पाहाव्यात. त्यांत अधिकाऱ्यांची नावे व शिपायांची संख्या असते. तरीही त्या दिवशी पलटण कोठे होती हे निश्चित होते. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या युद्धकैद्यांच्या याद्या २०१४ पासून संकेतस्थळावर खुल्या आहेत. कैदेतील जीवनाविषयी बंगालीतील दोन पुस्तके मोलाची आहेत. एक, रास-अल-ऐन येथे मृत्यू पावलेले डॉक्टर कल्याण मुखर्जी यांच्या पत्रांच्या आधारे त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेले 'कल्याण-प्रदीप'. दुसरे, शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचे 'अभि ले बगदाद'. मराठा शिपाई ज्या वाटेने चालले त्या वाटेचे हिंदी डोळ्यांनी केलेले वर्णन त्यांत वाचावयास मिळते. पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या; २०२१ पासून त्या अभ्यासकांना संगणकावर उपलब्ध होऊ लागल्या. पुणे जिल्ह्यासाठी असे काम एका महाविद्यालयाच्या आवाक्यातील नाही, परंतु एका तालुक्याची यादी पदव्युत्तर वर्गाच्या दोन सत्रांत निश्चितच होऊ शकेल.

पलटणीच्या पाठोपाठ गेलेले भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी यांचा शोध याहून अवघड आहे. कूतमध्ये असे तीन हजारांहून अधिक लोक होते. मजूर तुकड्यांतील लोकांना दिलेले युद्धपदक चांदीचे नसून ब्राँझचे होते, एवढी एक खूण त्यांच्या बाबतीत उपयोगी पडते.

पदकापासून आरंभ

म्हणून विद्यार्थ्याने पेटीतील वस्तूंपासूनच आरंभ करणे बरे. चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पदक मिळाले याचा अर्थ मृत्यू झाला असा नव्हे. जिवंत परतलेल्यांसही ते मिळाले. मृत्यूची खूण वेगळी. मृताच्या वारसास सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची, ब्रिटानियाची आकृती असलेली ब्राँझची चकती पाठविली जात असे. तिच्यावर केवळ नाव असते, हुद्दा वा पलटण नाही. घरात चकती असेल तर 'बसऱ्याला गेले' या वाक्याचा अर्थ बहुधा ठरून जातो, आणि चकतीवरील नाव व पदकाच्या कडेवरील क्रमांक एकत्र ठेवले की आयोगाच्या नोंदवहीत नेमका मनुष्य शोधता येतो. कडेवरील अक्षरे चिंच किंवा राख लावून घासल्याने झिजतात. ती न घासता, वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने हलका ठसा घ्यावा आणि तो ठसा पदक ज्या घरचे आहे त्या घरच्या नावासह विभागात जपून ठेवावा.